टेबल टेनिसची पहिली बॅट

या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत जी पत्रे आणि निरोप आले, त्यांतील चार एकाच विषयाचे निघाले. मुलाच्या किंवा मुलीच्या शाळेत टेबल टेनिस सुरू झाले आहे, सरांनी स्वतःची बॅट आणायला सांगितली आहे, आणि दुकानात गेल्यावर दोनशे रुपयांपासून आठ-दहा हजारांपर्यंतच्या बॅटी टांगलेल्या दिसतात. कोणती घ्यावी? एका भगिनीने लिहिले आहे, "दादा, महागाची घेतली तर पोरगं पुढं जाईल का, तेवढंच सांगा. मग मी भिशीचे पैसे काढते."

ताई, भिशीला हात लावू नका. का ते सविस्तर सांगतो.

आमच्या परिसरात एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक असलेले एक बंधू आहेत. मुलगा हुशार, चपळ. त्याला एका क्लबात घातले. तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्याच आठवड्यात एक चिठ्ठी दिली, दुकानाचे नावही सांगितले. त्या बंधूंनी पतपेढीतून उचल घेऊन साडेसात हजारांची बॅट आणली. लाकडात कार्बनचा थर आणि दोन्ही बाजूंना जाड स्पंजाचे वेगवान रबर! तीन महिने झाले तरी पोराचा चेंडू टेबलावर पडेना. हात लावला की चेंडू पलीकडच्या भिंतीवर. मग तो भीतीने हात आखडून नुसता चेंडू अडवू लागला, बाकीची मुले हसू लागली, आणि एके दिवशी "पप्पा, मला नाही खेळायचं" म्हणून तो घरी बसला. बॅट अजून कपाटावर आहे, पतपेढीचे हप्ते मात्र वर्षभर पगारातून कापले गेले. मी पेशाने हिशेबाचा माणूस. मला त्या पैशांपेक्षाही त्या मुलाची गेलेली हौस जास्त लागली. पैसा परत मिळवता येतो.

या प्रकरणात दोष मुलाचा नव्हता, बॅट बनवणाऱ्याचाही नव्हता. ती बॅट ज्याचा हात चार-पाच वर्षे तयार झाला आहे त्याच्यासाठी केलेली होती. नवशिक्याला सायकलचा तोल येण्याआधी मोटारसायकल देण्यातला तो प्रकार.

आता बॅट म्हणजे काय ते पाहू. मधली लाकडी पाटी असते, तिला खेळाडू ब्लेड म्हणतात. नियम असा की पाटीच्या जाडीपैकी किमान 85 टक्के भाग नैसर्गिक लाकडाचा असला पाहिजे. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून ती करतात. पाच थरांची संपूर्ण लाकडी पाटी नवशिक्याला सर्वांत चांगली. तिच्यावर चेंडू क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि हाताला कळते की आपण काय केले. कार्बनच्या पाटीवरून तो कळायच्या आत निघून जातो. पाटीवर दोन्ही बाजूंना स्पंज आणि स्पंजावर रबर. रबराला एका अंगाने बारीक दाणे असतात. दाणे आत स्पंजाकडे आणि गुळगुळीत बाजू बाहेर, असे रबर पहिल्या बॅटला असावे. स्पंजासकट रबराची जाडी 4 मिलिमीटरच्या वर चालत नाही. शिकणाऱ्या मुलाला नुसता स्पंज दीड ते पावणेदोन मिलिमीटरचा पुरे. जितका स्पंज जाड, तितका चेंडू उसळून जातो.

दाणे बाहेर असलेली रबरेही मिळतात, आखूड दाण्यांची आणि लांब दाण्यांची. मनिका बत्रा हिने 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून कित्येक मुली दुकानात जाऊन "मनिकासारखी बॅट द्या" म्हणतात. मनिका बॅकहँडच्या बाजूला लांब दाण्यांचे रबर वापरते. समोरच्याने दिलेली फिरकी त्या दाण्यांवरून उलटी होऊन जाते आणि तो गोंधळतो. पण हे शस्त्र फिरकी ओळखायला शिकल्यानंतरचे आहे. आधीच हाती दिले तर पोर दुसऱ्याला गोंधळात टाकून चार सामने जिंकेल खरे, पण स्वतः फिरकी करायला कधी शिकणार नाही. आधी दोन्ही बाजूंना साधे गुळगुळीत रबर. दोन वर्षांनी पुढचे पाहू.

रबर बदलले की खेळच बदलतो, हे जगाने प्रथम आपल्या मुंबईत पाहिले, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असेल. 1952 साली टेबल टेनिसची जागतिक स्पर्धा मुंबईत भरली. आशिया खंडात ही स्पर्धा प्रथमच होत होती, आणि जपानचा संघही प्रथमच उतरला होता. तोपर्यंत सगळे बिनस्पंजाच्या, दाणेदार रबराच्या बॅटीने खेळत. चेंडू लागला की टक्‌ असा आवाज होई, आणि त्या आवाजावरून किती जोराने मारला ते कळे. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला. चेंडू लागल्याचा आवाजच येईना! युरोपातले नावाजलेले खेळाडू भांबावले आणि सातो पुरुष एकेरीचा जगज्जेता होऊन परतला. पण पुढे ते पद त्याला पुन्हा कधी मिळाले नाही. 1959 साली स्पंजाच्या जाडीवर बंधन आले, ते आजही आहे. जुन्या मंडळींनी मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. मुंबईच्या पोराने मुंबईतली गोष्ट ऐकलेली बरी.

दुकानात गेल्यावर काय करायचे? खोक्यावरच्या चांदण्या मोजू नका. 'चार स्टार', 'पाच स्टार' हे ज्या त्या कंपनीने स्वतः दिलेले असतात. एकीचे चार आणि दुसरीचे चार सारखे नसतात. बॅट हातात घ्या, चेंडू मागा. रबरावर चेंडू ठेवून बोटाने हलके दाबा आणि पुढे ओढा. चेंडू काचेवरून घसरावा तसा घसरला, तर ते रबर फिरकी देणार नाही. धरून धरून फिरला तर ठीक. रबराची कड पाहा. आत स्पंजाचा थर दिसला पाहिजे. दोनशे-अडीचशेच्या बॅटीत बहुधा तो नसतो, किंवा असतो तो चुरमुऱ्यासारखा कडक. ते खेळणे आहे, बॅट नव्हे. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात टोलवायला घ्यायचे तर घ्या, शिकायला नको.

मुठीचे दोन प्रकार सरसकट मिळतात, सरळ आणि खाली पसरट. लहान मुलाच्या हातातून बॅट सुटू नये म्हणून पसरट बरी. मुलाला सोबत न्या आणि त्याच्याच हातात देऊन पाहा. मूठ जाड असेल तर बोटे पुरत नाहीत आणि मनगट आवळले जाते. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास असावे. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. आपण साखर घेतानाही काटा पाहतो.

अशी तयार बॅट साधारण हजार-दीड हजारात मिळते. पहिले वर्षभर ती पुरते. मूल टिकले, आठवड्यातून चार दिवस टेबलावर जाऊ लागले, तर मग पाटी वेगळी आणि रबरे वेगळी घेऊन बॅट जोडून घ्यावी. तीन-चार हजारांत काम होते. पाटी वर्षानुवर्षे चालते, रबर मात्र झिजते आणि बदलावे लागते. म्हणजे मोठा खर्च एकदा, बारीक खर्च वर्षाकाठी. जिल्हा किंवा राज्य पातळीच्या अधिकृत स्पर्धेत खेळायचे झाले, तर रबरावर आंतरराष्ट्रीय महासंघाची 'आय.टी.टी.एफ.' ही मोहोर लागते, आणि एक बाजू काळी असावीच लागते. दुसरी पूर्वी लालच असे, 2021 पासून गुलाबी, जांभळी, हिरवी किंवा निळीही चालते. रंगामुळे खेळ सुधारत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा!

बॅट आली. आता ती धरायची कशी? हस्तांदोलन करतो तशी. मधले बोट, अनामिका आणि करंगळी मुठीभोवती. अंगठा एका बाजूला रबराच्या खालच्या कडेशी टेकलेला. आणि तर्जनी दुसऱ्या बाजूला रबराच्या खालच्या कडेने आडवी. बहुतेक मुले तर्जनी पाटीच्या मधोमध सरळ वर नेतात. त्याने बॅकहँडला आधार वाटतो, पण फोरहँड कायमचा अडकतो. ही खोड पहिल्या आठवड्यात मोडली पाहिजे, वर्षभराने मोडत नाही. दुसरी खोड म्हणजे घट्ट धरणे. बॅट चिमणीचे पिलू धरावे तशी धरावी, सुटू नये आणि चेंगरू नये.

चीन-जपानकडचे जुने खेळाडू पेन धरल्यासारखी बॅट धरत. आजही काही धरतात. आपल्याकडे शिकवणारे फार थोडे, म्हणून त्या वाटेला न गेलेले बरे.

पहिले आठ-दहा दिवस टेबल नसले तरी चालते, आणि आपल्या घरांच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे. घरातच बॅटीवर चेंडू उडवायचा. आधी हात उताणा ठेवून, मग पालथा करून, मग एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने. शंभर झाले की चालत उडवायचा, मग बसून उठून. नंतर भिंतीशी. चेंडू एकदा जमिनीवर, मग भिंतीवर, पुन्हा बॅटीवर. खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडतील, म्हणून दुपारची वेळ टाळावी. ज्या मुलाने हे पंधरा दिवस केले, तो टेबलापाशी आला की ओळखू येतो.

टेबल 9 फूट लांब, 5 फूट रुंद, अडीच फूट उंच; जाळी सहा इंची. उभे राहायचे ते टेबलापासून हातभर मागे. पाय खांद्यांपेक्षा थोडे फाकवून, गुडघे वाकवून, भार चवड्यांवर. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय किंचित मागे. बॅट पोटासमोर, टेबलाच्या वर. कबड्डीत पकड करायला उभे राहतो तसेच जवळजवळ. आपली मुले कबड्डी खेळलेली असतात, त्यांना हे एका वाक्यात समजते.

आधी फोरहँड. चेंडू टप्पा घेऊन वर येतो आणि सर्वांत उंचीवर असतो तेव्हा मारायचा. बॅट किंचित पुढे कललेली, कमरेपासून निघून पुढे आणि थोडी वर जाऊन कपाळापाशी थांबते, सॅल्यूट करावा तशी. नुसता हात फिरवायचा नाही, कंबर वळली पाहिजे. मग बॅकहँड, त्यात कोपर जागेवर ठेवून बॅट पोटापासून पुढे ढकलायची. सुरुवातीला जोर अजिबात नको. मी आमच्या हॉलमध्ये एकच सांगतो, गुण मोजू नका, टोले मोजा. दोघांनी मिळून न चुकता पन्नास टोले केले तर दोघेही जिंकले. मोठी मुले यावर नाक मुरडतात, कारण त्यांना पहिल्या दिवसापासून 'स्मॅश' हवा असतो. पण ज्याला पन्नास सरळ टोले येत नाहीत, त्याचा स्मॅश दहातून एकदा लागतो आणि नऊदा चेंडू कपाटाखाली जातो.

नंतर पुश, आणि इथून खरे टेबल टेनिस सुरू होते, कारण इथे फिरकी येते. बॅट मागे कलवून, चेंडूच्या खालच्या अंगाला घासत पुढे न्यायची. असा चेंडू उलटा फिरत जातो. समोरच्याने सरळ बॅट लावली की तो खाली जाळीत पडतो. त्याला उचलायचे तर आपलीही बॅट मागे कलती हवी. याउलट वरून घासलेला चेंडू पुढे फिरत येतो आणि सरळ बॅटीला लागून वर उडतो. त्याला बॅट पुढे कलती, झाकल्यासारखी धरावी लागते. हे मुलाला तोंडाने सांगून कळत नाही. चेंडूवर स्केचपेनने एक जाड रेघ मारा. मग फरशीवर चेंडू ठेवून बोटांनी वरून मागच्या अंगाला दाबा, तो पुढे निसटेल, थांबेल आणि आपोआप तुमच्याकडे परत येईल. मुले टाळ्या वाजवतात. तीच फिरकी!

फिरकी कळली तर काय होते, याचा ताजा दाखला 2024 चा. फेब्रुवारीत दक्षिण कोरियातील बुसान येथे जागतिक सांघिक स्पर्धेत आपल्या अहिका मुखर्जीने चीनच्या सुन यिंगशा हिला हरवले, आणि सुन त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर होती. श्रीजा अकुलानेही चीनची एक खेळाडू हरवली. लढत आपण 2-3 अशी गमावली, पण चीनच्या संघाला पाचव्या सामन्यापर्यंत खेचणे हे सोपे नाही. आणि टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये 2021 साली गुजरातच्या भाविना पटेल यांनी चाकाच्या खुर्चीत बसून रौप्यपदक मिळवले. ज्यांच्या घरी पायाने अधू मूल आहे त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. या खेळात त्यांच्यासाठी रीतसर गट असतात.

सर्व्हिसचे नियम पहिल्या दिवसापासून बरोबर शिकवावेत. चेंडू उघड्या तळहातावर, टेबलाच्या मागच्या कडेबाहेर आणि टेबलाच्या पातळीच्या वर. तो सरळ वर, निदान 16 सेंटिमीटर उडवायचा, म्हणजे जवळजवळ वीतभर. खाली येताना मारायचा. आधी आपल्या बाजूला टप्पा, मग समोरच्या. अंगाने किंवा हाताने तो लपवायचा नाही. गल्लीत मुले मुठीतून चेंडू सोडून सरळ बॅटीवर आपटतात आणि पुढे स्पर्धेत पंच एकामागून एक गुण कापतो, तेव्हा रडायची वेळ येते. डाव आता 11 गुणांचा असतो आणि दोन-दोन सर्व्हिस आलटून पालटून. 21 गुण आणि पाच सर्व्हिसचा जमाना 2001 मध्ये संपला, हे आमच्या पिढीच्या काकांनी ध्यानात घ्यावे. ते अजून मध्येच "एकवीस, एकवीस" ओरडतात.

आता टेबल कुठे मिळेल हा प्रश्न. कामगार कल्याण केंद्र, रेल्वेचे इन्स्टिट्यूट, बँकेची किंवा पोलिसांची वसाहत, महापालिकेचे क्रीडा संकुल, जवळची महाविद्यालये, सगळीकडे चौकशी करा. विचारायला पैसे पडत नाहीत. आणि वस्तीत वर्गणीने टेबल आणायचे ठरले तर मी अनुभवाने एक सांगतो, टेबलाच्या आधी वहीचा प्रश्न सोडवा. आमच्याकडे टेबल आले तेव्हा पहिल्या पंधरवड्यात कॉलेजातल्या तरुणांनीच ते धरून ठेवले. लहान मुले भिंतीला पाठ लावून उभी, आणि मुली दारातूनच परत. मग रजिस्टर घातले. संध्याकाळी पाच ते सात शिकणारी मुले, त्यात निम्मा वेळ मुलींचा, आणि मुली आल्या नाहीत तरी तो वेळ दुसऱ्याला द्यायचा नाही. या शेवटच्या अटीवर बरीच बाचाबाची झाली. "टेबल रिकामं पडतं, साहेब!" पडू दे म्हटले. आठवडाभर ते खरोखर रिकामे पडले. दुसऱ्या आठवड्यात दोघी बहिणी आल्या, आईला बरोबर घेऊन. आज अकरा मुलींच्या सह्या असतात आणि त्यांतील एकीचा बॅकहँड आमच्या सगळ्या पोरांना जड जातो. आईंना विनंती, संध्याकाळचे पाणी भरणे आणि धाकट्याला सांभाळणे या तासात तरी मुलीवर टाकू नका. मुलाला सुट्टी मिळते तशी तिलाही मिळू द्या.

कपड्यांचा खर्च नाही. कॅनव्हासचे बूट घसरणारे नसावेत, एवढेच. मात्र चेंडू पांढरा असेल तर पांढरा शर्ट स्पर्धेत चालत नाही, कारण समोरच्याला चेंडू दिसत नाही. शाळेच्या पी.टी.च्या गणवेशात मुले जातात आणि ऐनवेळी कुणाचा तरी रंगीत शर्ट मागावा लागतो.

बॅटीची निगा राखली तर रबर जास्त दिवस टिकते. खेळून झाल्यावर ओल्या फडक्याने पुसावे, नुसत्या पाण्याने. साबण, रॉकेल काही नको. पिशवीत घालून ठेवावी, पत्र्याखाली तापलेल्या फळीवर किंवा शेगडीशेजारी नको. रबर सुटले तर पंक्चरवाल्याकडचे सोल्युशन लावू नका. युरोपातले खेळाडू एके काळी सायकलचेच सोल्युशन लावत, त्याने चेंडू वेगाने जाई. पण त्याची वाफ आरोग्याला घातक म्हणून अशा गोंदांवर 2008 साली बंदी आली. क्रीडा साहित्याच्या दुकानात पाण्यावर आधारलेला गोंद मिळतो, तो लावावा.

चेंडूंत पैसा वाचतो. सरावाला साधे, पुष्कळ घ्यावेत; तीन स्टारचे स्पर्धेपुरते. चेपलेला, पण न तडकलेला चेंडू कढत पाण्यात टाकून चमच्याने फिरवला की बहुधा पूर्ववत होतो. जुन्या सेल्युलॉइडच्या चेंडूला मात्र ज्योत दाखवू नका, तो भसकन पेटतो. 2014 पासून प्लॅस्टिकचे चेंडू आले आहेत, तरी जुना साठा कुठे कुठे पडलेला असतो. पाणी मोठ्यांनी गरम करून द्यावे.